विश्वंभरसाठी रडलेले सर

सर,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. माइक माझ्यापर्यंत आला आणि मी तो पुढच्या बाईंकडे सरकवला. धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलेजचं सभागृह गच्च भरलं होतं आणि जो उठेल तो एकच सांगत होता, की सरांना माणसाचं मन वाचता यायचं. एक बाई तर डोळे पुसत म्हणाल्या, "बाईच्या मनातलं न सांगता ओळखणारा असा पुरुष मी दुसरा पाहिला नाही." माझ्या शेजारी अक्का बसली होती, तुमची बायको आणि माझी थोरली बहीण. उकाड्याने तिच्या कपाळावर घाम आला होता. तिने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "पंखा वाढवायला सांगू का गं? सरांना चालेल ना?"

समोर टेबलावर तुमचा फोटो होता. फोटोला हार होता. आणि ही मला विचारत होती, सरांना चालेल ना.

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. मी तुमची विद्यार्थिनी आणि मेहुणी, म्हणजे दोन्हीकडून हक्काची. आधी नाही म्हणाले. मग वाटलं, लिहावं. छापायचं की नाही ते त्यांचं ते पाहतील. तुमच्या पदव्या, तुमची भाषणं, तुम्ही किती वर्षं मानसशास्त्र शिकवलं, हे सगळं बाकीचे लिहितीलच. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तुम्ही निघून गेलात. ही तुमची जुनीच खोड, आपलं म्हणणं मांडून झालं की उठून जायचं.

भांडण कशावरून, ते वाचणाऱ्यांना सांगायला हवं. एका मालिकेवरून. रोज संध्याकाळी जेवणाआधी लागायची ती. तिच्यात विश्वंभर नावाचा एक नवरा होता. देखणा, श्रीमंत, बोलायला मऊ. बायकोने कुठली साडी नेसायची, कुणाशी फोनवर बोलायचं, किती हसायचं, सगळं तो ठरवायचा. ऐकलं नाही तर हात उचलायचा आणि मग तिच्याच पायाशी बसून रडायचा. अख्ख्या धुळ्यातल्या बाया त्याला शिव्या घालायच्या. तुम्ही मात्र त्याच्यावर रविवारच्या पुरवणीत लेखमाला लिहायला घेतलीत. विश्वंभर असा का वागतो, त्याच्या मनात खोल काय दडलं आहे, असं सगळं. लोक कात्रणं काढून ठेवायचे. कॉलनीतल्या बाया तुमच्या दारात येऊन म्हणायच्या, सर, किती छान समजावता तुम्ही. आणि मग आत चहा करणाऱ्या अक्काला म्हणायच्या, नशीबवान आहात हो.

शनिवार-रविवारी मी जळगावहून यायचे तेव्हा ती मालिका तुमच्यासोबत पाहायचे. पाहायचे म्हणजे ऐकायचे तुम्हाला. रिमोट तुमच्या बंडीच्या खिशात. जाहिरात लागली की आवाज बंद आणि तुमचं व्याख्यान चालू. अक्का स्वयंपाकघराच्या दाराशी बसायची, कणकेचा हात तसाच. हॉलमध्ये खुर्च्या होत्या, पण ती तिथेच बसायची. एकदा मी म्हटलं, अक्का, इकडे ये ना वर बस. तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिला तिथे सुरक्षित वाटतं." तिने मान डोलावली. तिला कुठे काय वाटतं हे तिच्याआधी तुम्हाला कळायचं, हे तर शोकसभेतही सगळ्यांनी सांगितलंच.

आणि मग तो भाग आला. विश्वंभरचं लहानपण दाखवलं. बाप त्याला कापसाच्या गोदामात कोंडायचा, आई दुसऱ्याचा हात धरून गेली, पोरगं अंधारात दार वाजवत राहिलं. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही रडत होतात. खरेखुरे, उपरण्याने डोळे पुसत. "बघ," तुम्ही म्हणालात, "हा माणूस दुष्ट नाही. हा घाबरलेला आहे. आपलं माणूस सोडून जाईल या भीतीने तो मुठी आवळतो. ताबा म्हणजे दुसरं काही नाही, भीतीच."

मी म्हटलं, "सर, आमची आई गेली तेव्हा अक्का किती लहान होती ते तुम्हाला माहीत आहे. बापाने तिची शाळा सोडवून माझी वेणी घालायला, भाकरी थापायला घरी बसवलं. भीती तिलाही असेल की. तिने कुणाला कोंडलं?"

तुम्ही हसलात. माझ्यावर खूष असलात की जसं हसायचात तसं. म्हणालात, "तू भावनेच्या भरात बोलतेस. सगळ्यांच्या जखमा सारख्या नसतात." एवढ्यात जाहिराती संपल्या आणि तुम्ही आवाज चालू केलात.

सर, मला आज तेच बोलायचं आहे, आणि आता तुम्हाला आवाज वाढवता येणार नाही. विश्वंभर घाबरलेला होता म्हणे. मग ती भीती त्याच्या ऑफिसात कुठे जायची? वरच्या साहेबासमोर तो कसा हात जोडून उभा राहायचा? तुमचंच घ्या. प्राचार्य तुम्हाला सगळ्यांदेखत काय काय बोलायचे, तुम्ही "हो सर, बरोबर सर" करत घरी यायचात. घरी आलात की अक्काने ताट वाढायला उशीर केला म्हणून आठवडाभर अबोला. तिच्याशी बोलायचं असेल तर माझ्यामार्फत: "तुझ्या अक्कांना सांग, मीठ कमी आहे." अक्का समोर उभी असायची हो! हातात मिठाची बरणी घेऊन. ही कसली भीती, जिला बरोबर कळतं कुणासमोर गप्प बसायचं आणि कुणासमोर नाही?

तुम्ही हात उचलला नाहीत कधी, हे मान्य. तुम्हाला त्याचा अभिमानही होता. तुमची रीत वेगळी होती. तुम्ही कारण विचारायचात. अक्का म्हणाली, मला शेजारच्या लग्नाला जायचंय, की तुम्ही पेपर बाजूला ठेवून, चष्मा काढून, अगदी प्रेमाने: "का जायचंय? नीट विचार करून सांग. लोकांनी तुला पाहावं म्हणून, की तिकडे न गेलीस तर काय म्हणतील या भीतीने?" ती बिचारी खरंच विचार करायची. एक कारण द्यायची, तुम्ही ते सोलून तिच्या हातात ठेवायचात. दुसरं द्यायची, तेही. शेवटी तीच म्हणायची, राहू द्या, नाही जात. तुम्ही म्हणायचात, "बघ, तुझं तुलाच कळलं." मी कितीदा तरी ऐकलंय हे. लग्न होऊन ती आमच्या माहेरची, यावलची बोली बोलत तुमच्या घरी आली होती. पाहुण्यांसमोर तिचा शब्द न् शब्द सुधारून सुधारून तुम्ही तिला अशी करून ठेवलीत, की ती बोलायच्या आधी तुमच्याकडे पाहायची.

आणि आखाजी. आपल्याकडे अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, पोटभर आळशीपणा करतात. बाकीचं वर्ष कितीही मरमर करा, पण आखाजीला माहेर. आमचा भाऊ दर वर्षी यावलहून फोन करायचा, "अक्का, निघतेस ना?" आणि दर वर्षी तुमचं कारण-विचारणं सुरू व्हायचं. आई तर नाही, मग माहेरी नक्की कुणाकडे जायचंय? लहानपण परत मिळेल असं वाटतं का? हे पळणं तर नाही? पिशवी भरलेली असायची दाराशी. तुमची चर्चा संपेपर्यंत यावलची गाडी निघून गेलेली असायची. मग तुम्ही मोठ्या मनाने म्हणायचात, "मी कुठे अडवलं तुला?"

खरंच, कुठे अडवलं होतं तुम्ही!

सर, तुमच्या मनात खोल काय होतं हे शोधायचा मी फार प्रयत्न केला. तुमचीच शिष्या ना. तुमच्या वडिलांबद्दल विचारलं, तुमच्या लहानपणाबद्दल विचारलं. तुमचे वडील देवमाणूस होते, आई तुम्हाला भाताचे घास भरवून शाळेत पाठवायची. गोदाम नाही, अंधार नाही, काही नाही. शेवटी माझ्या लक्षात आलं की तळाशी जखमबिखम नव्हतीच. तळाशी सतरंजी अंथरलेली होती आणि तुम्ही मांडी घालून आरामात बसला होतात. तुम्हाला ते सोयीचं होतं. गरम पोळी पानात पडायची, घरात दुसरं मत नसायचं, बाहेर लोक वाहवा करायचे. कोण सोडेल? विश्वंभरसाठी तुम्ही रडलात ते यासाठीच, की त्याच्या गोदामात तुम्हाला स्वतःची सुटका दिसली. एवढंच होतं ते. मला तुमची कीव आली असती तर बरं वाटलं असतं. नाही येत. किळस येते.

आणि तरी लिहायलाच हवं, की बारावीनंतर यावलला माझं लग्न ठरत होतं तेव्हा तुम्हीच येऊन बापाला सांगितलंत, पोरगी हुशार आहे, माझ्याकडे ठेवा. तुमच्या घरात राहून मी शिकले. परीक्षेच्या दिवसांत तुम्ही स्वतः माझे धडे घ्यायचात, न समजलेलं पुन्हा पुन्हा सांगायचात, एकदाही चिडायचा नाहीत. आज जळगावातल्या शाळेत मी समुपदेशक आहे, पोरांच्या आया माझ्यासमोर बसतात आणि म्हणतात, "मारत नाही हो तो, पण..." तेव्हा त्या 'पण'पुढचं ऐकायला मला तुम्हीच शिकवलं आहे. तुमच्याच शब्दांनी मी तुम्हाला ओळखलं. याबद्दल मी तुमची ऋणी आहे, हे लिहायला जिवावर येतं, पण खोटं कशाला लिहू. रविवारी संध्याकाळी अजून वाटतं, सरांना फोन करावा, काहीतरी टोचून बोलावं. बापाचा धाक असतो तसा तुमचा धाक होता मला, आणि तसाच जीवही होता. त्या जीवाचाच राग येतो आता.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. मी म्हटलं, "सर, एवढे लेख लिहिलेत त्या नवऱ्याच्या मनावर. त्याच्या बायकोच्या मनात एकदा तरी डोकावलात?" तुम्ही म्हणालात, "तिच्यात डोकावण्यासारखं काही नाही. लेखकाने ते पात्र सपाट लिहिलंय. ती नुसती सोसते. तिला स्वतःची अशी इच्छाच नाही." मागून भांड्यांचा आवाज येत होता. अक्का ऐकत होती. मी म्हटलं, "सर, याला मी उत्तर देणार आहे, पण समोर बसून." तुम्ही म्हणालात, "ये शनिवारी." शनिवारच्या आधीच तुम्ही गेलात. झोपेत, काही त्रास न होता. तेसुद्धा सोयीचंच.

तर हे माझं उत्तर.

तुमचं दिवसकार्य झालं आणि महिन्याभरात आखाजी आली. भावाचा फोन आला, "अक्का, येतेस ना?" मी शेजारीच होते. मला वाटलं, आता कोण विचारणार कारण? अक्का फोन हातात धरून तुमच्या फोटोकडे पाहत राहिली आणि हळूहळू बोलायला लागली, "नाही म्हणजे, जायचं तर आहे, पण का जायचं असं विचारलं तर..." तुम्ही गेला होतात आणि तुमचा प्रश्न घरात तसाच बसला होता. त्यात तुमच्या मोठ्या काकूंनी फर्मावलं, नवरा जाऊन वर्ष झालं नाही, बाईने उंबरा ओलांडायचा नाही. तुमचा मुलगा अमेय पुण्याहून आलेला. चांगला मुलगा आहे, पण तोही म्हणाला, "आई, पहिलीच आखाजी, बाबांची घागर भरायची आहे. तू कुठे जातेस? आणि मावशी, तिला आता माहेरी जाऊन करायचंय तरी काय?" आवाजसुद्धा तुमचाच, सर. भांडावं का, हे मी ठरवत होते. अक्काने माझा हात दाबला. म्हणाली, "घागर भरू. पितर बसवू. मग पाहू."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आखाजीला आम्ही गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतो आणि कुणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवतो. त्या पाटावर बसला की तो माणूस म्हणजे गेलेलाच, असं मानायचं. त्याच्या पाया पडायचं, त्याच्या आवडीचं वाढायचं, आणि त्याच्या तोंडून जे निघेल ते गेलेल्याचं बोलणं. अमेयला तुमच्या विभागातल्या एका सरांना बसवायचं होतं. तेही तुमच्यासारखेच, हातात चष्मा घेऊन बोलणारे. अक्का म्हणाली, नाही. नानांना बोलव.

नाना म्हणजे तुमचे शिरपूरकडचे चुलतभाऊ. शेती करतात. तुम्ही त्यांना कधी हॉलमध्ये बसवलं नाहीत, ओट्यावरच चहा पाजून वाटेला लावायचात, कारण ते अहिराणीत बोलायचे आणि मोठ्याने हसायचे. काकूंनी नाक मुरडलं, पण रक्ताचं माणूस, नाही कसं म्हणणार.

नाना आले. पांढरी टोपी, नवं धोतर. हॉलच्या मधोमध पाट मांडला होता. अक्काने पुरणपोळी, कटाच्या आमटीसारखी रशी, कुरडई, भजी, वाटीभर आमरस असं सगळं वाढलं. मग सवयीने पाठीमागे जाऊन उभी राहिली. नाना मान वळवून म्हणाले, "वहिनी, उभी काय शेस? बस ना तू बी."

ती बसली. त्यांच्या समोर, हॉलमध्ये, पंख्याखाली. काकू, अमेय, शेजारच्या बाया, सगळे पाहत होते. अक्काने पदर सावरला, पाटावरच्या माणसाच्या पाया पडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात म्हणाली, "सर, मी यावलला जाऊ का?"

नानांचा घास हातात राहिला. "जाय ना," ते म्हणाले. "तुन्हं माहेर शे ते. माले काय इचारस?"

अक्का तशीच बसून राहिली. मला कळत होतं ती कशाची वाट पाहते आहे. पुढच्या प्रश्नाची. तो आयुष्यभर आला होता, आताही येईल म्हणून ती श्वास धरून बसली होती. नानांनी बोटं चाटली, रसाची रिकामी वाटी पुढे केली आणि पुढचा प्रश्न आला. "रस शे का आखो?"

अक्का हसली. तुम्ही ते हसू कधी पाहिलं नसणार, सर, म्हणून सांगते, दात दिसेपर्यंत हसली आणि रसाचं पातेलंच उचलून आणलं. पितराने हो म्हटलं होतं. तुम्ही हो म्हटलं होतं, सगळ्या भावकीदेखत. आता ते कोण मोडणार?

आणि तुम्ही म्हणालात, तिला स्वतःची इच्छा नाही. कुणाला पाटावर बसवायचं, काय विचारायचं, कुणाच्या देखत विचारायचं, हे तिने फोटोकडे पाहत बसल्या बसल्या कधी ठरवलं ते मलाही कळलं नव्हतं. स्टॅंडवर जाताना रिक्षात मी तिला विचारलं, "नानांनाच का गं?" ती म्हणाली, "नाना हो म्हणतात." तिच्या दृष्टीने एवढं पुरेसं होतं.

यावलची गाडी लागली होती. अक्का आत चढून खिडकीपाशी बसली, पिशवी मांडीवर. अमेय खाली उभा होता, ओशाळलेला, काळजीत. त्याने खिडकीच्या गजाला हात लावून विचारलं, "आई, परत कधी येणार?"

"पाहू," ती म्हणाली.

गाडी सुटली. अमेय माझ्याकडे वळून म्हणाला, "पाहू म्हणजे काय, मावशी?" सर, तुम्ही असतात तर त्या एका शब्दावर रविवारचा लेख लिहिला असता. मी त्याला म्हटलं, "तिने सांगितलं ना, पाहू," आणि रिक्षाला हात केला.